माझ्या बसण्यापुरतं

डाव्या टाचेत कूस गेलीय, चार दिवस झाले, निघत नाहीये. सुई झाली, चिमटा झाला, बायकोने रात्री गूळ गरम करून वर बांधून पण बघितला, काही उपयोग नाही. बाहेरून बघाल तर टाच एकदम साफ, पण पाऊल टेकलं की आत कोणीतरी 'आहे हां मी' म्हणतं. शेवटी मुलीने मोबाईलवर फोटो काढून झूम करून दाखवला तेव्हा दिसली, केसाएवढी, काळपट. मुंबईत आख्खा जन्म अनवाणी गॅलरीतून, गच्चीवरून, चौपाटीवरून हिंडण्यात गेला, कधी काही रुतलं नाही, आणि आता पन्नाशीत रुतली ती डायरेक्ट ब्राझीलची.

झालं असं की रविवारी चेंबूरला आतेभावाकडे गेलो होतो. टॉवरमधलं घर, सतरावा मजला, आणि हॉलला लागून जी टेरेस आहे तिला टेरेस म्हणायचं नाही, डेक म्हणायचं. कारण फरशीच्या वर लाकडी पट्ट्या मारल्यात. लाकडाचं नाव इपे. 'जीपे, फोनपे, तसं ईपे' हा दादाचा जोक, बहुतेक प्रत्येक पाहुण्याला ऐकवत असणार. दोन वर्षांपूर्वी बसवलं तेव्हा ग्रुपवर फोटो आले होते, गडद चॉकलेटी रंग, त्यावर वेताच्या खुर्च्या, मागे मावळता सूर्य, आम्ही सगळ्यांनी बदाम टाकले होते. आता बघतो तर सगळं राखाडी. वर्सोव्याला वाळूत ओढून ठेवलेली एखादी जुनी होडी असते ना, जिला कोणी वाली नाही, तसा रंग. चपला दाराशी काढलेल्या, मी त्या डेकवर दोन पावलं टाकली आणि टाचेतून सण्णकन कळ गेली. ओरडलो नाही. वहिनी समोर पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या.

"फसवलं हो भाऊजी आम्हाला," त्या म्हणाल्या. पन्नास वर्षं बघायला नको म्हणाला होता कॉन्ट्रॅक्टर, दोन पावसाळ्यांत ही दशा, आणि आता तो फोन उचलत नाही. "तुम्हाला कळतं ना लाकडातलं, तुमच्याकडे मामांचा बाक आहे." आता एखाद्याला 'तुम्हाला कळतं' म्हटल्यावर तो सुटणारच. मी सुटलो. पोहे गार झाले तरी सुटलेलाच होतो. राखाडी होणं म्हणजे सडणं नाही वहिनी, लाकडाचे तंतू ज्याने एकमेकांना धरून असतात ते लिग्निन उन्हाने वरच्यावर तुटतं, पावसाने धुऊन जातं, आणि मागे राहतात ते नुसते करडे तंतू, कागदाच्या जाडीएवढा थर असतो तो, खाली लाकूड जसंच्या तसं. हे सगळं खरंच आहे. मग मी पालथा पडून दोन पट्ट्यांच्या फटीतून खाली बघितलं (फट कसली, पोस्टकार्ड जाईल एवढी जागा, ती पण कुठेकुठे), आणि खाली पाणी साचून वाळल्याचे पांढरे डाग दिसले. पट्ट्यांखालच्या आडव्या रिपा बरोब्बर पाण्याच्या उताराला आडव्या टाकलेल्या, म्हणजे पाणी जाळीपर्यंत पोचायलाच नको. स्क्रू साधे लोखंडी, प्रत्येक स्क्रूभोवती काळंनिळं वर्तुळ, आणि तिथून रेषेत ओघळलेली काजळी. लोखंड, पाणी आणि अशा लाकडातला तुरट अंश एकत्र आले की शाईच होते ती. स्टेनलेसचे लावायला हवे होते, तेसुद्धा चांगल्यातले, इकडच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसलाही गंज धरतो. कुंड्यांखाली तर गोल गोल काळे ठसे. पट्ट्यांची कापलेली टोकं मेण लावून बंद केलेली नाहीत म्हणून तिथे चिरा पडल्या, त्या चिरांच्या कडा उभ्या राहिल्या, आणि त्यातलीच एक माझ्या टाचेत होती, पण हे मी सांगितलं नाही.

लाकूड मात्र जबरदस्त, हे मान्य करायला पाहिजे. राहिलेला एक तुकडा दादाने दाराला अडवण म्हणून ठेवलाय, उचलला तर हातात लोखंड घेतल्यासारखं वाटलं. पाण्यात टाकलं तर बुडतं हे लाकूड, घनमीटरला एक हजार किलोच्या आसपास वजन भरतं, आपला साग साडेसहाशेच्या आगेमागे. भोक पाडल्याशिवाय स्क्रू आत जात नाही, डोकं तुटतं. वहिनींनी एक किस्सा सांगितला, तो मला फार आवडला. काम चालू असताना कापल्याचा भुसा सगळा फरशीवर पडलेला, पिवळा-हिरवट. बाईंनी साबणाची पावडर टाकून फरशी धुवायला घेतली तर पाणी लालभडक. बाई बादली तिथेच टाकून आत आल्या, म्हणाल्या ताई इथं काहीतरी आहे. या लाकडाच्या छिद्रांमध्ये पिवळी पूड असते, लॅपाकॉल म्हणतात तिला, साबणासोड्याचं पाणी लागलं की ती लाल होते. हळदीला चुना लावला की कुंकवाचा रंग येतो, त्याच जातीची गंमत. बाईंना हे समजावून सांगितलं तरी त्यांनी त्या दिवशी डेकला हात लावला नाही म्हणे.

मग दादाने विचारलं, "ते सगळं ठीकाय, तू मामाच्या बाकाला काय लावतोस?"

"काही नाही लावत," मी म्हटलं. एकदम साधेपणाने म्हटलं. वर हसलो पण.

येताना ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीला ट्रॅफिक होता. मार्च संपत आलेला, गुलाबी टॅबेबुयाचा बहर ओसरलेला, तरी झाडांखाली फुलांचा चिखल आणि दोन पोरी बाईक बाजूला लावून रील करत होत्या. मुंबईचा चेरी ब्लॉसम म्हणतात लोक त्याला, चेरीचा आणि त्याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो दादाच्या डेकशी. इपे आणि हा टॅबेबुया एकाच घराण्यातले, आधी वनस्पतीवाले इपेलाही टॅबेबुयाच म्हणायचे, नंतर वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. तिकडे अ‍ॅमेझॉनच्या जंगलात इपेची झाडं अशी रांगेत उभी नसतात, इथे एक तर पुढचं बरंच लांब, म्हणजे एकेका झाडापर्यंत पोचायला जंगल कापत जावं लागतं. तोड इतकी झाली की 25 नोव्हेंबर 2024 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्सचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या जागतिक कराराचं, नियंत्रण आलं, आता कागद असल्याशिवाय देशाबाहेर काढता येत नाही. दादाचं त्याच्या आधी आलं. क्लचवर डावा पाय ठेवला की कूस बोलायची, आणि मुलुंड येईपर्यंत मी 'काही नाही लावत' हे वाक्य मनात उलटसुलट करून बघत होतो. तसं ते खोटं नाही. हल्ली लावत नाही. पण ज्याने विचारलं त्याला जे समजलं ते खोटं होतं.

बाकाची गोष्ट अशी की तो बाबांनी 1974 साली करून घेतला. गिरगावात आमची चाळीतली खोली, बाहेर कॉमन गॅलरी, आणि लग्न झाल्यावर बाबांना पहिली हौस कशाची तर दाराबाहेर बसायला आपला बाक पाहिजे. नवीन साग परवडणारा नव्हता. मिस्त्री त्यांना रे रोडला दारूखान्यात घेऊन गेला, जिथे पाडलेल्या इमारतींचे वासे, तुळया, दारं-खिडक्या यांचे ढीग लागलेले असतात. पुढे मी नऊ-दहा वर्षांचा असताना एकदा बाबा मलाही घेऊन गेले होते, कशासाठी ते आठवत नाही, पण वास आठवतो. दुकानदाराने धुळीने मातकट झालेल्या तुळईवर रंधा मारला, एकच हात, आणि आतून मधाच्या रंगाची पट्टी उघडली. त्यावर त्याने थुंकीने अंगठा ओला करून फिरवला तर रंग अजून चढला. बाबांनी वाकून नाक लावलं, मला पण लावायला लावलं. नव्या चामड्याच्या चपलेला येतो तसा, थोडा तेलकट, थोडा कडवट. "हा वास गेला नाही तोवर वाळवी येत नाही," बाबा म्हणाले. मला तेव्हा वाटलं वाळवीला वास आवडत नसेल. तसंच आहे म्हणा. सागाच्या गाभ्यात तेल असतं, वाळवीला नको असलेली द्रव्यं असतात, शिवाय वाळूचा अंश, त्यामुळे सुतारांच्या रंध्याची धार त्याच्यावर भराभर जाते. मात्र हे सगळं गाभ्यात. बाहेरचा पांढरट भाग असतो तो सागाचा असला तरी कुठल्याही फालतू लाकडासारखाच सडतो, आणि आजकाल शोरूममध्ये सागाचं गार्डन फर्निचर म्हणून मिळतं त्यात तो पांढरा भाग पॉलिशखाली किती दडवलाय ते दुसऱ्या पावसाळ्यात कळतं.

आमच्या बाकाच्या लाकडाला खेतवाडीतल्या कुठल्याशा पडक्या इमारतीचे खिळे होते. काढल्यावर भोकं राहिली, भोकांभोवती काळी वर्तुळं. मिस्त्री म्हणाला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून देतो, बाबा म्हणाले राहू दे. लहानपणी पावसात गॅलरीत बसून मी त्या भोकांत चिंचोके अडकवायचो.

बाबांचा वर्षाचा एक कार्यक्रम असायचा. मे महिन्यात, लोणच्याची कैरी घरात यायच्या सुमारास, बाक मधोमध ओढायचा, साध्या पाण्याने आणि काथ्याने घासायचा, जोर न लावता, मग दोन दिवस सावलीत वाळू द्यायचा. चाळीतल्या लोकांना त्या दोन दिवसांत उगाच बसायला कुठे नाही असं व्हायचं. तिसऱ्या दिवशी जवसाचं तेल, पेंटर लोक ज्याला बेलतेल म्हणतात ते, थोडं टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. फडक्याने लावायचं आणि पंधरा मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने जेवढं निघेल तेवढं पुसून काढायचं. आई म्हणायची, पुसूनच काढायचंय तर लावता कशाला. पण वर राहिलेलं तेल चिकट होतं, त्याला धूळ धरते, आणि मुंबईच्या जुलैमध्ये त्यावर काळी बुरशी वाढते, ती बुरशी तेलावरच पोसते. तेलाची फडकी ते बोळा करून टाकायचे नाहीत, दोरीवर एकेक पसरून वाळवायचे. "गोळा केली तर आपोआप पेट घेतात." आम्ही सगळे हसायचो. खरं आहे ते, जवसाचं तेल सुकताना गरम होतं, बोळ्यात ती ऊब कोंडते आणि फडकं पेटतं. हे मला कळलं तेव्हा आई हसायला नव्हती. आणि शेवटची गोष्ट म्हणजे चार पायांखाली चार गोल्डस्पॉटची झाकणं, पुढे बिसलेरीची आली. लाकडाचा पाय उभ्या तंतूंचा असतो, स्ट्रॉच्या जुडीसारखा, ओल्या फरशीवर ठेवला की पाणी वर चढतं. पन्नास वर्षं बाक टिकला तो माझ्या मते तेलाने कमी, या झाकणांनी जास्त. तेल सगळ्यांना दिसायचं, कौतुक त्याचं व्हायचं. झाकणं बघायला जमिनीला गाल लावावा लागतो.

सागाचं कौतुक करताना आपण जरा वाहवत जातो हेही खरं. त्रिंकोमाली नावाची युद्धनौका इथे मुंबईच्या गोदीत 1817 साली बांधली, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागात, आणि ती इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर तरंगतेय, हे मी पण पाहुण्यांना ऐकवतो. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागात तो त्रास फारसा नाही, म्हणून त्या लोकांचा जीव आपल्या सागावर. पण मग मलबारचं जंगल कुठे गेलं, तर जहाजं होऊन गेलं. मग बर्मा. आमच्या चाळीचा जिना, कठडे, दारं, सगळं 'बर्मा टीक आहे' असं प्रत्येक बिऱ्हाड छातीवर हात ठेवून सांगायचं, आणि म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून ओंडके निर्यात करणंच बंद केलं तेव्हा आमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग चालू होती, आणि बिल्डरच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक ओळ होती की पाडकामातून निघणारं लाकूड बिल्डरचं. बहुतेकांनी ती वाचली नाही. बाबांनी वाचली. त्यांनी फक्त बाक टेम्पोत घातला.

तो बाक मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत आला. 2020 मध्ये सगळे घरी बसलेले, मला त्याची लाज वाटायला लागली. बाबांचं तेल लावणं मधल्या काळात सुटलं होतं, गुडघे दुखायचे, आणि बाक राखाडी झाला होता. व्हिडिओ बघून बघून माझं ठरलं. दुकानं उघडल्या उघडल्या सँडिंगचं मशीन आणलं, पॉलिश पेपर 80 नंबर, 120, 220, आणि दोन दिवस बाल्कनीत धुरळा. ती मधाची पट्टी परत उघडली. काय सांगू, दारूखान्यातला तो वास आला. तिथे थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण दुकानदाराने एक डबा दिला होता, पारदर्शक, चकचकीत, आणि लावणाऱ्याला थांबवणारं घरात कोणी नव्हतं. तीन हात मारले. टीव्हीसारखा चमकायला लागला बाक. बाबांना हात धरून आणलं. त्यांनी बघितलं, बोटाने टिचकी मारून बघितली, म्हणाले, "छान झालंय. आता यावर बसायचं का नुसतं बघायचं?"

पावसाळ्यात ऊन-पाऊस-ऊन झालं. लाकूड फुगतं, आकसतं, आणि वरचा तो काचेसारखा पापुद्रा काही हलायला तयार नाही. जुन्या खिळ्यांच्या भोकांशी आधी तडकला. तिथून पाणी आत शिरलं आणि आतच राहिलं, बाहेर पडायला वाट नाही. ऑगस्टमध्ये पांढरे फोड आले, गणपतीत फोडांखाली काळं दिसायला लागलं, दसऱ्यापर्यंत पापडासारखे तुकडे सुटून कपड्यांना चिकटायला लागले. राखाडी असताना बाक म्हातारा दिसत होता, आता रोगट दिसायला लागला. मी त्यावर चादर टाकली.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ऑफिसची मीटिंग चालू असताना बाल्कनीतून खर्र, खर्र आवाज. जाऊन बघतो तर बाबा खाली पाट घेऊन बसलेले, हातात काचेचा तुकडा, फुटलेल्या फोटोफ्रेमचा, एका बाजूला चिंधी गुंडाळलेली. जुने मिस्त्री असंच करायचे, काचेची धार लाकूड न ओरबाडता वरचा थर तेवढा खरवडते. तुकडा थोडा तिरका धरून अंगाकडे ओढायचा, लाकडाच्या रेषेबरोबर, आणि वरच्या रोगणाचे पातळ पातळ पिवळे छिलके निघतात, कांद्याच्या सालीसारखे. मी म्हटलं बाबा मशीन आहे. ते म्हणाले, "मशीननेच झालंय हे." रोज अर्धा तास, आठ-दहा दिवस. मी कामात होतो असं मी स्वतःला सांगायचो. मग एक दिवस आवाज बंद झाला. बघितलं तर बाकाचा उजवीकडचा भाग, दोन हात रुंद, नीट खरवडलेला, आणि बाकीचा तसाच, फोडांसकट. मी विचारलं, थांबलात का?

"माझ्या बसण्यापुरतं झालं," बाबा म्हणाले. "बाकीचं तुझं."

पाच पावसाळे झाले त्याला. बाबा आता 83 वर्षांचे आहेत, रोज सकाळी चहा घेऊन त्यांच्या भागावर बसतात. तो भाग पुन्हा राखाडी झाला, पण एकसारखा, रुपेरी, हात फिरवला तर गुळगुळीत. त्यांनीही त्याला नंतर काही लावलेलं नाही, पायांखालची झाकणं मात्र दर मे महिन्यात माझ्या मुलीकडून बदलून घेतात. माझा भाग कुठे पिवळा, कुठे काळा, मध्ये एक फोड अजून न फुटलेला, त्यावर बोट दाबलं की कट्ट वाजतो. तिथे आम्ही कुंड्या ठेवल्यात. कोणी आलं तर कुंड्यांमुळे दिसत नाही.

आज सकाळी वहिनींचा मेसेज. डेकचा फोटो, आणि खाली, 'भाऊजी नवीन माणूस आलाय तो म्हणतो सगळं घासून वर पीयू कोट मारून देतो एकदम नव्यासारखं होईल, पाच वर्षं बघायला नको. काय करू? तुम्ही काहीच लावत नाही म्हणालात ना'. मी लिहायला बसलो. आधी स्क्रू बदला, पट्ट्यांमध्ये सहा मिलिमीटर तरी फट करून घ्या, खालच्या रिपा उताराच्या दिशेने फिरवा, काळे डाग ऑक्सॅलिक अ‍ॅसिडने निघतील, हातमोजे घाला, चिरांवर हलका पॉलिश पेपर मारा, आणि एवढं करून रंग हवाच असेल तर वर्षातून एकदा तेल, पण अगदी पातळ, या लाकडात तेल फार मुरतच नाही आणि डब्यावर टीक ऑइल लिहिलं म्हणून त्यात सागाचं काही असतं असं नाही, बहुतेक जवसाचं नाहीतर टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल असतं. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा तो काचेसारखा पापुद्रा, नको. एवढं सगळं टाईप केलं. मग वाचून बघितलं आणि खोडून टाकलं. वहिनी विचारणार, पीयू का नको?

लंगडत बाल्कनीत गेलो. कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या. बाबा त्यांच्या जागेवर पेपर वाचत होते, त्यांनी पेपर जरासा खाली केला, काही बोलले नाहीत. मी माझ्या भागाचा फोटो काढला, अगदी जवळून, तो फोड मध्ये येईल असा, आणि वहिनींना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. मग टायपिंग, टायपिंग.

'अरे देवा. कोणी केलं हे??'